चार नंबर बोलला

मला राग लवकर येतो हे झाशीतल्या आमच्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. पण त्या रविवारी सकाळी आला तो राग अगदी रास्त होता. माझ्या जागी कुणीही असतं तरी गाडीच्या मागच्या सीटवरून तेवढंच ओरडलं असतं. पुढे सुभाषकाकांची पांढरी गाडी, तिच्यामागे आमची, आणि आमची गाडी चालवत होते माझे बाबा. निघालो होतो बबिन्याला आणि चाललो होतो भलतीकडेच. बरं, हे मला कळत होतं, बाबांनाही कळत होतं, आणि तरी गाडी काही वळत नव्हती!

थांबा, आधी बाबांचं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा हट्टी आहे, झालं. हट्टी तर आहेतच, पण नुसते हट्टी नाहीत.

बाबा, म्हणजे दत्तात्रेय, हवाई दलात वैमानिक होते. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीत कारकुनी नाहीतर भिक्षुकी करत आलेलं, त्यात हा एकच उडणारा निघाला. तरुणपणी ते 'नीलपंख' नावाच्या टीममध्ये होते. चार निळी जेट विमानं. त्यांचं कामच ते, लोकांपुढे आकाशात कसरती करून दाखवायच्या. कोलांट्या मारायच्या, उलटं उडायचं, मागे पांढरा धूर सोडायचा, आणि हे सगळं एकमेकांना जवळजवळ चिकटून. सगळ्यांत पुढे लीडर सुभाषचंद्र, म्हणजे आमचे सुभाषकाका. त्यांच्या उजव्या अंगाला दोन नंबर, रमाकांतकाका. डाव्या अंगाला तीन नंबर, एक सरदारजी होते, ते आता राहिले नाहीत. आणि लीडरच्या बरोबर मागे, किंचित खाली, चार नंबर. ते बाबा. चौघं मिळून खालून पतंगाचा आकार दिसायचा. त्याला ते डायमंड म्हणतात.

टीमची सुरुवात मोठी गमतीशीर. कुठल्याशा परेडवरून या चौघांना फक्त सरळ उडत जायला सांगितलं होतं. सुभाषकाकांनी जाता जाता एक कोलांटी मारली आणि मागचे तिघंही मुकाट्याने त्यांच्यामागून फिरले. खाली उतरल्यावर साहेबांनी चौघांना आधी मनसोक्त झापलं आणि मग म्हणाले, पुन्हा करून दाखवा बघू. तिथून टीम झाली. पार अंबाल्यापासून मद्रासपर्यंत त्यांचे कार्यक्रम झाले. पुढे विमानं जुनी झाली, वरून हुकूम आला, टीम मोडली, निळा रंग खरवडून काढला. 'खरवडला' म्हणताना बाबांचं तोंड अजून कडू होतं.

हा सगळा इतिहास आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी होतो. बाबा पोरांना आवारात एकामागे एक चालायला लावतात, कारण खरे वैमानिकही उडण्याआधी तेच करतात. आपापली जागा धरून सगळा कार्यक्रम जमिनीवर पावलापावलाने चालून घेतात. लीडर हुकूम पुटपुटतो, बाकीचे वळतात. नियम दोनच. रेडिओवर बोलणार फक्त लीडर. आणि नजर फक्त लीडरवर. पुढे डोंगर आहे की काय आहे ते तुम्ही बघायचं नाही, ते तो बघेल.

"और लीडर ने दीवार में घुसा दिया तो?" एखादं पोरगं विचारतंच.

"तो दीवार में चार छेद होंगे," बाबा म्हणतात. "डायमंड के आकार में."

मग कुणीतरी विचारतं की खालून ते कसं दिसायचं, आणि तिथे बाबांची पंचाईत होते. कारण त्यांनी ते कधी पाहिलेलंच नाही! इतकी वर्षं टीममध्ये राहून त्यांनी पाहिलं काय, तर लीडरच्या विमानाचं पोट आणि मागचं धुराडं. ते आईकडे हात करतात. आई, म्हणजे इंदू, प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या रांगेत असायची. ती पदर सावरून उठते आणि सांगते, कसे चौघं ढगातून एकदम बाहेर आले, कसा धुराचा फुलोरा झाला. बाबा पोरांच्या मागे बसून ऐकतात, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. टीव्हीवर त्यांनी दुसऱ्या टीम पाहिल्या आहेत. 'छान आहेत,' म्हणतात. पण त्यांना स्वतःचा डायमंड बघायचा होता, आणि तो तर मोडीत निघालेला.

या फेब्रुवारीत मात्र नवल झालं. नीलपंख टीम पुन्हा काढली. नवी विमानं, नवे वैमानिक, रंग तोच निळा, आणि पहिला कार्यक्रम बबिन्याला, आमच्या उंबऱ्याशी म्हणा ना. सुरुवातीला जुन्या टीमची आठवण म्हणून चारच विमानांचा डायमंड, अगदी जुन्या पद्धतीचा, फक्त त्या दिवसापुरता. नंतर नऊ विमानांचा नवा कार्यक्रम, तोच मग गावोगाव जाणार. जुन्या तिघांना पुढच्या खुर्च्यांचं आमंत्रण आलं आणि सुभाषकाकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला. बाबा मला एवढंच म्हणाले, "रेवती, सुरुवात चुकता कामा नये. बाकीचं काही दिसलं नाही तरी चालेल मला."

सुभाषकाका ग्वाल्हेरहून आपली गाडी घेऊन आणि रमाकांतकाका भोपाळहून रेल्वेने आदल्या दिवशीच आमच्याकडे येऊन राहिले. सकाळी मी म्हटलं, माझ्या मागून या, मला बबिन्याचा रस्ता झोपेतही सापडेल. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरले होते.

"लीडर असताना तू पुढे?"

"काकांना रस्ता ठाऊक आहे का?"

"लीडर आहे तो!"

"बरं बाई. निदान गाडी तरी मला चालवू द्या."

"चार नंबरची जागा चार नंबरच धरणार," बाबा म्हणाले, आणि किल्ली खिशात.

मग तिघा म्हाताऱ्यांनी आमच्या अंगणात रस्ता चालून घेतला. देवाशपथ सांगते! तुळशीभोवती पुढे सुभाषकाका काठी टेकत, "गेट... डावीकडे... मोठा चौक... सावकाश... ललितपूरचा रस्ता... आता!" उजव्या अंगाला रमाकांतकाका, मागे बाबा. तीन नंबरची जागा त्यांनी रिकामी सोडली होती आणि तिच्यावर कुणी चुकूनही पाय ठेवत नव्हतं. दूधवाला भैया कॅन हातात घेऊन बघतच राहिला. आई दशम्यांचा डबा घेऊन दारात उभी होती आणि तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

अंगणातला रस्ता बिनचूक होता हो. पण गर्दीमुळे पोलिसांनी मोठा चौक बंद करून सगळ्यांना बायपासवर काढलं, आणि तिथल्या गोल चक्करला सुभाषकाका ललितपूरच्या ऐवजी खजुराहोच्या रस्त्याला लागले. झालं! त्यांच्यामागे आम्ही.

"बाबा, चुकलं! हॉर्न द्या!"

"लीडरला हॉर्न?"

"मग पुढे जाऊन हात तरी दाखवा!"

"लीडरच्या पुढे?"

सुभाषकाकांना फोन लावला. ते गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. फोनवर नकाशा बघणं तर त्यांच्या लेखी भ्याडपणा. त्यांच्या शेजारी बसलेल्या रमाकांतकाकांचा फोन नुसताच वाजत राहिला. मी कपाळाला हात लावला. बाबांची नजर पांढऱ्या गाडीवरून हलत नव्हती. काका पन्नासवर आले की आम्ही पन्नासवर, काका खड्डा चुकवायला डावीकडे सरकले की आम्हीही डावीकडे, खड्डा असो नसो. पण बाबांचे कान लाल झाले होते. त्यांना आतून काय होत होतं ते मला मागून दिसत होतं, आणि म्हणून तर मला जास्तच राग येत होता.

बेतवाचा पूल आला तेव्हा मी शेवटचं विचारलं, "बाबा, बबिन्याला जाताना बेतवा लागते का?"

"नाही."

"मग ही कोणती नदी?"

"बेतवा."

"मग?"

"लीडरने काहीतरी विचार केला असेल," बाबा म्हणाले, आणि काकांच्या मागोमाग पूल ओलांडला.

"रेवती, दशमी खा," आई म्हणाली. "तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही."

शेवटी सुभाषकाकांनी गाडी थांबवली ती बरुआसागरच्या बाजारात, आल्याच्या ढिगांसमोर. काठी टेकत ते रुबाबात उतरले. आलंवाल्याने विचारलं, "काए बब्बा, कितै जानें?"

"बबीना. परेड ग्राउंड किधर है?"

"बबीना?" तो हसायलाच लागला. "जौ तौ बरुआसागर आय, बब्बा! बबीना तौ उल्टी तरफ है!"

रमाकांतकाका खाली उतरून म्हणाले, "मला पाटी वाचली तेव्हाच वाटलं होतं."

"मग बोललास का नाहीस?" सुभाषकाका गरजले.

"मी कसा बोलणार? मी दोन."

आता माझा बांध फुटला. तिघांनाही उभं करून मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. आलंवाल्याला मराठी कळत नव्हतं, तरी तो दोन पावलं मागे सरकला. सुभाषकाका खाली मान घालून ऐकत होते. एवढा ताठ माणूस, पण चेहरा एकदम उतरला होता. "दत्तू, चूक माझी," ते म्हणाले. "चला, बसा गाडीत. जोरात मारतो. सुरुवात जाईल, पण नऊ विमानं मिळतील. सत्कारही मागाहून आहे."

"नऊ विमानं कुणाला हवीत!" मी ओरडले, आणि बाबांकडे पाहिलं.

बाबा आमचं ऐकतच नव्हते. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून आधी सूर्याकडे, मग बबिन्याच्या दिशेला, मग टेकडीवरच्या किल्ल्याकडे बघत होते. एक टेम्पो त्यांना वळसा घालून गेला, तेही त्यांना कळलं नाही. मग ते सुभाषकाकांसमोर येऊन ताठ उभे राहिले.

"लीडर, चार बोलतोय."

सुभाषकाका चमकले. रमाकांतकाकांनी तर चष्मा काढून पुसला.

"बोल, चार."

"जायचं नाही. इथेच थांबायचं. टीम थेट मैदानावर कधीच येत नाही. आधी लांब कुठेतरी जमते आणि वेळ होईपर्यंत तिथेच फिरत राहते. सकाळची वेळ आहे, सूर्य पाठीशी घेऊन येणार, म्हणजे पूर्वेकडून. आणि जमायला वरून चटकन ओळखू येईल अशी जागा लागते. तू काय निवडायचास?"

"पाणी," सुभाषकाका म्हणाले. "फार मोठं नको. काठावर खूण असलेलं."

बाबांनी किल्ल्याकडे आणि त्याच्याखालच्या तलावाकडे हात केला. "मग हे बघ."

"आणि माताटीलाच्या धरणावर जमले तर?" रमाकांतकाकांनी विचारलं.

"तर माझं नशीब," बाबा म्हणाले. "पण सुरुवात गाठायची असेल तर तिकडे पळून उपयोग नाही. इथे निदान आशा आहे. सुभाष, तुझा सत्कार बुडेल. तुला जायचं तर तू जा."

सुभाषकाकांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. "मला काय शाली कमी आहेत घरी? चार, तू पुढे हो. आम्ही मागून येतो."

बाबा गडबडलेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. पण चालू लागले. तलावाच्या बांधावर पुढे बाबा, मागे त्यांचा लीडर आणि दोन नंबर, त्यांच्यामागे आईला हात देत मी. कोवळं ऊन होतं, पाण्यावर बगळे होते, पलीकडच्या काठाला बायका धुणं बडवत होत्या. आकाश स्वच्छ निळं आणि पार रिकामं.

आम्ही वाट बघत राहिलो. मी तोंडाला कुलूप लावलं होतं, यावरून ओळखा. बाबा हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालत होते. मधेच थांबायचे, ऐकायचे, आणि ती कुठली तरी मोटरसायकल निघायची. रमाकांतकाका हळूच म्हणाले, "नाहीच आले तर रे?"

"चारने सांगितलंय ना?" सुभाषकाका म्हणाले. "मग थांबायचं."

मी मनात गणपतीला म्हटलं, दरवर्षी तुझ्यापुढे हा माणूस ती कथा सांगतो, आता तूच बघ रे. आणि खोटं कशाला सांगू, मला रडू यायला लागलं होतं. आले नसते तर दोष त्या विमानांचा नसता, पण मी त्यांना जन्मभर माफ केलं नसतं.

मग बगळे उडाले. आवाज नंतर आला. पूर्वेकडून, मऊरानीपूरच्या बाजूने चार ठिपके, अगदी विस्कटलेले, एक पुढे, दोन बाजूला, एक बराच मागे. बघता बघता मोठे झाले आणि निळे झाले. किल्ल्यावरून त्यांनी तलावाला एक मोठा वळसा घातला. धुणं बडवणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. आलंवाला दुकान टाकून बांधावर पळत आला.

"ते बघ," सुभाषकाका म्हणाले, "जमताहेत."

बाजूची दोन विमानं पुढच्याजवळ सरकली आणि तिथेच स्थिर झाली. चौथं अजून मागेच होतं. बाबांचा उजवा हात आपोआप पुढे येऊन मुठीत वळला होता. "ये... ये... घाई नको," ते पुटपुटत होते, "खालून ये... असं..." आणि ते चौथं विमान खालून हळूच पुढे आलं आणि त्या तिघांच्या मागच्या रिकाम्या जागेत जाऊन बसलं. पतंग पुरा झाला. चौघं मिळून एकच वस्तू असावी तशी ती आमच्या डोक्यावर तिरकी झाली, चारही विमानांनी धुराची एक छोटी पिचकारी सोडून बघितली, आणि पाण्यावरून, किल्ल्यावरून सगळा डायमंड बबिन्याकडे निघून गेला.

पाहायला एवढंच होतं. बबिन्याच्या हजारो माणसांना नंतर खूप काही दिसलं असेल, पण ते चौथं विमान आत येताना त्यांना दिसलं नाही. ते आम्हाला दिसलं. मी ढसाढसा रडत होते आणि आलंवाला टाळ्या वाजवत होता.

बाबा बराच वेळ वरच बघत राहिले. मग आईकडे वळले. त्यांचे गाल ओले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"इंदू, अगं, हे इतकं सुंदर दिसतं? चौथं आत येतं तेव्हा तर... आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"मला काय ठाऊक?" आई म्हणाली.

"काय ठाऊक म्हणजे? पुढच्या रांगेत बसायचीस तू!"

"बसायचे." आईने पदराने डोळे टिपले. "डोळे गच्च मिटून बसायचे. तुमची चाकं जमिनीला लागल्याचा आवाज आला की मग उघडायचे."

"मग तो फुलोरा? ते ढगातून येणं? दरवर्षी गणपतीत सांगतेस ते सगळं?"

"शेजारच्या बायका ओरडायच्या ना, ते ऐकायचे. बाकीचं तुम्हाला ऐकायला बरं वाटेल असं सांगायचे."

सुभाषकाका हसता हसता बांधावर बसलेच. रमाकांतकाकांना हसून हसून ठसका लागला, मी त्यांना पाण्याची बाटली दिली. बाबा मात्र हसले नाहीत. ते आईच्या अगदी जवळ गेले आणि लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे आजही तू पाहिलं नाहीस?"

"पाहिलं की. सगळं पाहिलं," आई म्हणाली. "आज कशाला मिटू डोळे? आज तुम्ही खाली होतात ना."